पहिल्यांदाच सिम्फनी ऐकायला जातोय, टाळ्या नक्की कधी वाजवायच्या?

रविवारी मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात बायकोसोबत जातोय, आधी मेंडेल्सनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकटं व्हायोलिन पुढे, साथीला ऑर्केस्ट्रा) आणि मग चायकॉव्हस्कीची सहावी सिम्फनी. आपल्याकडे कसं, समेवर आला की वाहवा, इथे म्हणे मध्येच टाळी वाजवली की लोक वळून बघतात. खरंय का?

प्रतिसाद १: खरंय. मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) संपली तरी गप्प बसायचं, टाळ्या अख्खी रचना संपल्यावर. पण मेंडेल्सनला टेन्शन नाही, त्याने तिन्ही भाग जोडूनच टाकलेत, पहिला दणक्यात संपतो तोच बासून एक सूर धरून ठेवतो (बासून म्हणजे ते लांब लाकडी वाद्य) आणि त्यावरूनच दुसरा सुरू, टाळीला जागाच नाही.

प्रतिसाद २: खरी फसगत सहाव्या सिम्फनीत होते!! तिसरा भाग असला धडाक्यात संपतो की झालंच वाटतं, मीपण वाजवल्यात टाळ्या, लाज वाटली. चौथा मात्र संथ, शेवटी चेलो आणि डबल बेसवर (व्हायोलिनच्या घराण्यातली मोठी, खर्जातली वाद्यं) विझतच जातो. १८९३ मध्ये पहिल्यांदा वाजली आणि ९ दिवसांत चायकॉव्हस्की गेला. कंडक्टरने हात खाली घेतले की मगच वाजव.

प्रश्नकर्ता: धन्स! बायकोला आधीच सांगून ठेवतो, ती उत्साही आहे.