ॲलन शिअरर: वेग गेल्यानंतरचा आघाडीपटू

इंग्लंडचा फुटबॉलपटू ॲलन शिअरर २००६ मध्ये निवृत्त झाला, तरी प्रीमिअर लीग या तिथल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतला त्याचा २६० गोलांचा विक्रम अजून अबाधित आहे. मोठ्या दुखापतींनंतरही त्याचे गोल आटले नाहीत, ते कशामुळे? ज्यांनी त्याचा खेळ पाहिला वा अभ्यासला, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती. चौघांची उत्तरे पुढे आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ब्लॅकबर्न क्लबकडून खेळताना डिसेंबर १९९२ मध्ये त्याचा गुडघा गंभीर दुखावला, पण १९९४-९५ च्या मोसमात ३४ गोल करून त्याने संघाला विजेतेपदापर्यंत नेले. न्यूकॅसल क्लबकडे गेल्यानंतरची, जुलै १९९७ मधली घोट्याची दुखापत मात्र वेगळी ठरली. अशा रुग्णांमध्ये मला नेहमी दिसते की धावण्याचा दम परत येतो, पण थांबलेल्या स्थितीतून सुटतानाच्या पहिल्या दोन-तीन पावलांतला झपाटा बहुधा पूर्वीसारखा राहत नाही, आणि स्ट्रायकरची सगळी भिस्त तर त्याच पावलांवर असते.

मी मुलांना फुटबॉल शिकवतो आणि त्याच्या नंतरच्या वर्षांच्या चित्रफिती मुद्दाम दाखवतो. चेंडू पायाशी येण्याआधीच तो नितंब बचावपटूला टेकवतो, कोपर किंचित बाहेर काढतो (पंच दुर्लक्ष करतील इतकेच!) आणि बचावपटूने पुढे रेटले की त्याच जोरावर वळतो. सप्टेंबर १९९९ मध्ये न्यूकॅसलला आलेले व्यवस्थापक बॉबी रॉबसन यांनी गोलकडे पाठ करून खेळण्याची त्याची सवय कमी केली, आणि त्यांच्या पहिल्याच घरच्या सामन्यात शेफिल्ड वेन्सडेविरुद्धच्या ८-० विजयात त्याने पाच गोल केले. मुले मात्र हे सोडून त्याचा एक हात उंचावून केलेला जल्लोषच आधी उचलतात.

मी न्यूकॅसलमध्ये शिकत होते. फेब्रुवारी २००६ मध्ये पोर्ट्समथविरुद्ध त्याने २०१ वा गोल करून जॅकी मिलबर्न यांचा क्लबसाठी सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा मी प्रेक्षकांत होते. शेजारच्या आजोबांनी मिलबर्न यांचा खेळ पाहिला होता. ते टाळ्या वाजवत होते, पण उभे राहिले नाहीत.

कौतुक मान्य, पण १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला नकार देऊन दीड कोटी पौंडांना गावच्या क्लबात, म्हणजे न्यूकॅसलला, परतल्यावर त्याला एकही मोठा करंडक मिळाला नाही, हेही नोंदवावे. १९९८ च्या एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याचा फटका खांबाला लागून परतला. मला तरीही त्याचा निर्णय चुकीचा वाटत नाही. चुकली असेल तर क्लबची संघबांधणी.