कारुइझावाची सिंगल कास्क बाटली: भाव कोणता धरायचा आणि विकायची कुठे?

माल्टखातं

जपानी सिंगल कास्कचा, म्हणजे एकाच पिंपातून भरलेल्या व्हिस्कीचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास विक्रमी आकडा फेकतो. कारुइझावा या बंद पडलेल्या जपानी डिस्टिलरीची १९६० ची, ५२ वर्षांची बाटली मार्च २०२० मध्ये सदबीजच्या लंडन विक्रीत ३,६३,००० पौंडांना गेली, हे खरं आहे. पण ते पिंप क्रमांक ५६२७, आणि त्यातून निघाल्या अवघ्या ४१ बाटल्या. त्या आकड्यावरून १९८०च्या दशकातल्या, शेकड्यांनी बाटल्या निघालेल्या शेरी पिंपाचा भाव काढणं म्हणजे मलबार हिलच्या दराने बदलापूरचा फ्लॅट विकायला काढणं.

माझं म्हणणं एवढंच की लेबलवरचा पिंप क्रमांक हाच भाव. त्याच क्रमांकाच्या शेवटच्या तीन विक्री काढा, मधला आकडा धरा. तोही हॅमर प्राइस, म्हणजे हातोडा पडला तो आकडा. मोठी लिलावगृहं निकालात खरेदीदाराचा प्रीमियम (त्याच्याकडून घेतलं जाणारं कमिशन) मिळवून आकडा छापतात, बऱ्याच ऑनलाइन साइट्स नुसता हॅमर दाखवतात. दोन्ही एका यादीत घातले की हिशेब तिथेच फसतो.

उदाहरणार्थ हॅमर ५,००० पौंड. खरेदीदाराचं कमिशन १०% धरलं तर ५००, त्या कमिशनवर २०% व्हॅट १००, म्हणजे त्याच्या खिशातून ५,६०० गेले. विक्रेत्याचं कमिशन ५% असेल तर तुमच्या हातात ४,७५०, त्यातून पाठवणी आणि विमा वजा. ८५० ते ९०० पौंडांची ही दरी विसरून लोक "मला कमी मिळाले" म्हणून गळा काढतात.

राखीव किंमत (जिच्या खाली बाटली विकायची नाही तो आकडा) न लावता ऑनलाइन लिलावात सोडावी. बाजार काय तो भाव सांगेल.

झाकणबंद

पहिला भाग मान्य, शेवटची दोन वाक्यं अजिबात नाहीत.

कारुइझावाचं डिस्टिलेशन २००० साली थांबलं, २०११ मध्ये उरलेली ३६४ पिंपं एका कंपनीने उचलली, २०१६ मध्ये इमारतही पाडली. माल वाढणार नाही, उलट पिऊन कमी होतोय. एकाच पिंपाच्या तीन विक्री गोळा करायला कधी चार वर्षं मागे जावं लागतं. २०२२ नंतर दुय्यम बाजार उतरलाय, त्यामुळे चार वर्षांपूर्वीच्या आकड्याला आज काय किंमत?

शिवाय चलन. याच ५६२७ मधली एक बाटली ऑगस्ट २०१५ मध्ये बोनहॅम्सच्या हाँगकाँग लिलावात ९,१८,७५० हाँगकाँग डॉलरला गेली, म्हणजे सुमारे १,१८,५०० अमेरिकी डॉलर. २०२० च्या लंडनच्या आकड्याचे डॉलर होतात सुमारे ४,३५,०००. डॉलरमध्ये वाढ साडेतीन पटीहून थोडी जास्त, पौंडात मोजली तर पावणेपाच पटीच्या घरात. मधला फरक व्हिस्कीचा नाही, घसरलेल्या पौंडाचा आहे.

म्हणून शेजारची पिंपं बघायची. डिस्टिलेशनचं साल दोन वर्षं मागेपुढे, पिंपाचा प्रकार तोच, मुरण्याची वर्षं जवळपास सारखी, लेबलची मालिका तीच (कारुइझावाच्या नोह मालिकेची नोहशी, गेइशाची गेइशाशी). अशा आठ-दहा विक्री एका चलनात आणून गेल्या वर्षभरातल्या जास्त वजनाने धरायच्या. पिंपातून निघालेल्या एकूण बाटल्या दीडशेच्या आत असतील तर वर थोडं चढवायचं. आणि राखीव किंमत लावायचीच. बोली लावणारे दोघं असले तर भाव ठरतो, त्यातला एक त्या रात्री गैरहजर राहिला की बाटली मातीमोल.

उभी_बाटली

तुम्ही दोघं अजून लेबलवरच आहात, आत किती आहे ते कोणी बघितलं का?

कास्क स्ट्रेंथ (पाणी न घालता भरलेला) माल, ५५ ते ६५ टक्के मद्यांश, वर नैसर्गिक बूच. बाटली वाइनसारखी आडवी ठेवली की स्पिरिट बूच खातं, बूच भुसभुशीत होतं आणि पातळी उतरते. त्याच पिंपाची पातळी मानेत असलेली बाटली आणि खांद्याखाली उतरलेली बाटली या बाजाराच्या दृष्टीने वेगवेगळ्या वस्तू आहेत. तुमची सरासरी तिथे निरुपयोगी.

मोजायची ती अशी: बाटली सपाट जागी उभी करा, मागून मंद उजेड द्या, बुचाच्या तळापासून द्रवापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि पट्टीसकट फोटो काढा. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून नोंदवा. सहा महिन्यांनी तेच वजन पुन्हा घ्या. काही ग्रॅमनी उतरलं तर बूच श्वास घेतंय. पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणाची पट्टी) ताणून कॅप्सूल (बुचावरचं आवरण) आणि काचेच्या सांध्यावर दोन-तीन वेढे द्यायचे, लेबलवर एकही नाही. चिकटपट्टी तर नकोच, ती काढताना कॅप्सूलचा रंग घेऊन येते.

कोकणात किंवा मुंबईत ठेवलेल्या बाटल्यांचं वेगळं दुखणं म्हणजे पावसाळ्यात लेबलवर येणारी बुरशी. जपानी कागदी लेबल ओल लगेच धरतं. ठिपके पुसायला जाऊ नका, शाई सुटते. बंद कपाट, सिलिका जेल, आणि लाकडी पेटी बाटलीपासून वेगळी ठेवून कोरडी करणं, एवढंच. पेटी आणि आतली पत्रकं हरवली तरी भाव पडतो, हे वेगळं सांगायला नको.

शंकासुर

आणि आत जे आहे ते तेच आहे कशावरून? जपानच्या ऑनलाइन लिलावांत रिकाम्या महागड्या बाटल्या पेटीसकट विकल्या जातात. त्या शोकेसमध्ये ठेवायला कोण घेतं हो? पुन्हा भरून विकायलाच.

कार्बन-१४ चाचणी आहे. १९५०-६०च्या दशकांत अणुस्फोट चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढवला, तो धान्यात उतरला, धान्यातून स्पिरिटमध्ये. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या एसयूईआरसी प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ स्कॉच बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ एक तर बनावट निघाल्या, नाहीतर लेबलवरच्या सालच्या नव्हत्या. आलेख १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चढतो आणि मग उतरतो, त्यामुळे एका मापाला दोन सालं जुळू शकतात. शिवाय नमुना काढायला सील मोडावं लागतं. तेव्हा पाच हजार पौंडांच्या बाटलीला ते परवडत नाही.

तिथे कागदपत्रंच कामाची. डिस्टिलेशनचं साल, बाटलीत भरल्याचं साल, पिंप क्रमांक, मद्यांशाचा दशांशापर्यंतचा आकडा आणि एकूण बाटल्या, हे पाचही त्याच पिंपाच्या जुन्या लिलाव-फोटोंशी जुळवा. १९८९ नंतर भरलेल्या बाटलीवर "तोक्क्यू" ही जुनी करश्रेणी छापलेली असेल तर पुढे काही बघायची गरज नाही. आणि मूळ पावती! ती नसेल तर माल्टखातं यांच्या मधल्या आकड्यातून मी डोळे झाकून पाचवा हिस्सा कापेन.

माल्टखातं

पाचवा हिस्सा जरा जास्त होतो. नावाजलेलं ऑनलाइन लिलावगृह बाटली स्वतः तपासून घेतं, म्हणून तर मी तिथे जा म्हणतो. खासगी खरेदीदार मात्र पावतीवरून घासाघीस करणारच.

राखीव किमतीबद्दल झाकणबंद यांच्याशी अजूनही असहमत. बऱ्याच ठिकाणी तिचं वेगळं शुल्क असतं, बाटली विकली गेली नाही तरी ते जातं. आणि "राखीव किंमत गाठली नाही" हा शेरा नोंदीत कायम राहतो. पुढच्या महिन्यात तीच बाटली टाकली की बोली लावणारे आधी तो शेरा बघतात.

झाकणबंद

मग राखीव किंमत अंदाजाच्या ७० टक्क्यांवर ठेवा, शंभरावर ठेवून कशाला फजिती करून घ्यायची?

जागा निवडताना हाँगकाँग परत यादीत घ्या. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत तिथे तीव्र मद्यावर १०० टक्के कर होता. आता आयात किमतीतल्या पहिल्या २०० हाँगकाँग डॉलरवर १०० टक्के आणि वरच्या रकमेवर १०. म्हणजे ५०,००० च्या बाटलीवर पूर्वी ५०,००० पडायचे, आता २०० अधिक ४,९८०, एकूण ५,१८०. आशियातले गिऱ्हाईक तिथे जास्त, आणि हान्यू या दुसऱ्या बंद पडलेल्या जपानी डिस्टिलरीच्या ५४ 'पत्त्यांचा' (लेबलवर खेळायचा एकेक पत्ता असलेल्या बाटल्यांचा) पूर्ण संचही तिथेच गेला होता, २०१९ मध्ये सुमारे ७२ लाख हाँगकाँग डॉलरला.

दादर_पश्चिम

हे सगळं ठीक, पण बाटली मुंबईत कपाटात असेल तर काय? इथे विकता येईल का?

उभी_बाटली

नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे, मग ती एक बाटली का असेना. व्हॉट्सॲप ग्रुपवर भाव टाकणंही अंगाशी येईल.

बाहेर नेण्याबाबत: विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के मद्यांशाचा माल माणशी ५ लिटरपर्यंत, किरकोळ विक्रीच्या मूळ बाटलीत चालतो, ७० च्या वर अजिबात नाही. पण उतरल्यावर मिळणारी करमाफी स्वतःच्या वापराला किंवा भेटीला असते. विकायला नेलेली बाटली त्यात बसत नाही, ती जाहीर करून कर भरावाच लागतो. निघण्याआधी राज्य उत्पादन शुल्काच्या कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचं विचारून घ्या.

नातेवाईक लंडनला असेल तर पुढची बाटली तिथेच घेऊन तिथेच ठेवलेली बरी.

शंकासुर

आणि हान्यूचे पत्ते असतील तर संच फोडायचा की नाही, यावर कोणी बोललंच नाही. ५४ पूर्ण असतील तर फोडू नये. चाळीसेक असतील तर राहिलेले शोधण्यात पैसे घालू नका. एकेक विका, दोन जोकर आणि जुने पत्ते वेगवेगळ्या लिलावांत. सगळे एकाच रात्री टाकले तर बोली लावणारे तेच, आणि त्यांचे पैसे पहिल्या दहा बाटल्यांतच संपलेले असतात.