आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) अचानक ४.३ आला, रक्तस्राव कुठेच नाही. लॅबची चूक असेल का?

सावली:
आईच्या हृदयात मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप आहे, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू आहे. आयएनआर २.५ ते ३.५ मध्ये ठेवायला सांगितलंय आणि तो बरेच महिने तीनच्या आसपास असायचा. या वेळी नेहमीची लॅब बंद म्हणून दुसरीकडे रक्त दिलं, तर ४.३! गोळी तीच, वेळ तीच, एकही चुकलेली नाही. हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर निळे डाग नाहीत. लॅब बदलल्यामुळे असं होतं का? डॉक्टर उद्या भेटणार आहेत, पण आज रात्रीच्या गोळीचं काय करू?

उत्तरायण:
मलाही अशीच झडप आहे. लॅब बदलली की थोडं इकडेतिकडे होतं, ते मी मनावर घेत नाही. पण एवढं नाही होत. उद्यावर ढकलू नका, आत्ताच फोन करून आकडा सांगा.

लॅबमधली:
सावली, मी रोज हीच तपासणी करते. फोन करा हे आधी, बाकी नंतर वाचा.

रक्त गोठायला किती सेकंद लागले हे प्रत्येक लॅबच्या रिएजंटवर, म्हणजे तपासणीच्या रसायनावर, अवलंबून असतं. म्हणून रुग्णाच्या सेकंदांना निरोगी लोकांच्या सरासरी सेकंदांनी भागून, त्या रिएजंटचा आयएसआय (तो किती संवेदनशील आहे याचा आकडा) घातांक म्हणून लावतात, तो आयएनआर. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत स्वीकारली ती याचसाठी, की कुठेही तपासलं तरी आकडा जुळावा. थोडा फरक तरीही राहतो, आणि आकडा जितका मोठा तितका तो जास्त.

खरी गडबड होते ती रक्त घेताना. निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं, ९ भाग रक्ताला १ भाग असं मोजून. शीर सापडली नाही म्हणून नळी अर्धवट भरली, तर सायट्रेट जास्त होतं, रक्त उशिरा गोठतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. अशी नळी टाकून पुन्हा रक्त घ्यायचं असतं. 'एवढ्यात भागेल' म्हणून ती चालवून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, त्या आकड्यावर कुणाचा तरी डोस ठरणार असतो. आईची नळी खुणेपर्यंत भरली होती का?

आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं: मध्यंतरी नवीन औषध काही सुरू झालं का? अँटिबायोटिक, बुरशीवरची गोळी? जुलाब, जेवण कमी झालं?

सावली:
नळी खुणेपर्यंत भरली होती, मी समोरच होते. औषध मात्र हो! दाढ सुजली म्हणून मेट्रोनिडाझोल दिलंय, अजून चालू आहे. त्याचा रक्ताशी संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

लॅबमधली:
मग हा आकडा बहुधा खराच आहे. मेट्रोनिडाझोलमुळे यकृतात वॉरफेरिन मोडण्याचं काम मंदावतं, म्हणजे गोळी तेवढीच असून अंगात जास्त साचते. फ्लुकोनाझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, अमिओडॅरोन यांनीही आयएनआर वाढतो. रिफॅम्पिसिन उलटं, आकडा खाली ओढतं. डॉक्टरांना मेट्रोनिडाझोलचं नाव घेऊन सांगा. कोर्स संपल्यावरही तपासणी लागेल, कारण तेव्हा आयएनआर पुन्हा उतरतो आणि धातूच्या झडपेवर गुठळी धरायची भीती असते. काळी शौच, न थांबणारं रक्त, डोक्याला मार किंवा अचानक जोराची डोकेदुखी असं काही झालं तर थेट इमर्जन्सीत न्या.

सावली:
फोन झाला. आजची गोळी वगळायला सांगितली, परवा पुन्हा आयएनआर. दातांच्या डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार आहेत. दोघांचेही आभार. परवा पुन्हा ४ च्या वरच आला तर?

लॅबमधली:
तरी घाबरू नका. वॉरफेरिन नवे गोठणघटक (रक्त गोठवणारी प्रथिनं) बनू देत नाही, रक्तात आधीच असलेले संपायला वेळ लागतो आणि भरून यायलाही. घटक ७ काही तासांत बदलतो, घटक २ ला दिवस लागतात. म्हणून एक गोळी वगळल्याचा परिणाम दोन-तीन दिवसांनी नीट दिसतो. तोवर स्वतःहून आणखी गोळी वगळू नका, आणि पालेभाज्याही एकदम वाढवू नका, रोज जेवढ्या खातात तेवढ्याच असू द्या.

वाटसरू:
मध्येच विचारतो. बाबा हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अपिक्साबान (रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी) घेतात. त्यांना कुणी आयएनआर करायला सांगत नाही, राहून गेलंय का?

लॅबमधली:
नाही, दादा. अपिक्साबानचा परिणाम आयएनआरमध्ये नीट दिसत नाही, नॉर्मल आला तरी औषध काम करतच असतं. त्यांचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन मात्र डॉक्टर सांगतील तसं तपासत राहा. सावली, हे वाचून आईची गोळी बदलायचा विचार मनात आला असेल तर सांगते: धातूच्या झडपेला अशा नव्या गोळ्या चालत नाहीत, तिथे वॉरफेरिनसारखंच औषध लागतं.