'हेरेडिटरी': शेवटच्या अर्ध्या तासाने सिनेमाची माती केली का?

(कथानक उघड केलंय. पाहिला नसेल तर इथेच थांबा.)

मूळ धागा

अरी ॲस्टरचा २०१८चा हा पहिला चित्रपट. परवा तिसऱ्यांदा पाहिला आणि तिसऱ्यांदाही शेवटाने घोर निराशा केली.

पीटर धाकट्या बहिणीला, चार्लीला, पार्टीला नेतो. केकमध्ये अक्रोड निघतात आणि तिला त्याची ॲलर्जी. तिचा घसा आवळत जातो, हा गाडी सुसाट सोडतो, ती हवेसाठी खिडकीबाहेर डोकं काढते आणि रस्त्याकडेचा खांब येतो. पीटर मागे वळून बघत नाही. घरी येऊन कुणाला न उठवता अंथरुणात पडून राहतो. सकाळी गाडीपाशी गेलेल्या आईचा हंबरडा नुसता ऐकू येतो, कॅमेरा मात्र पीटरच्या चेहऱ्यावरच.

पुढे जेवणाच्या टेबलावर आई, ॲनी, त्याच्यावर तुटून पडते. तो एवढंच विचारतो: तिला पार्टीला जायचंच नव्हतं, मग ती तिथे का होती? पाठवलं होतं आईनेच! या घराला वेगळं भूत कशाला हवं? तरी नंतर आजीचा पंथ आणि पायमॉन नावाचा सैतान येतो. दोष बाहेरच्यांच्या माथी मारला की घरचे सुटले. मला ही पळवाट वाटते.

प्रतिसाद १

साफ असहमत. पंथ मागाहून चिकटवलेला नाही. त्या खांबावर कोरलेली खूण आजीच्या गळ्यातली आहे. पीटरच्या वर्गात चर्चा चालते ती ग्रीक शोकांतिकेची: पात्रांच्या हातात काहीच नसेल तर शोकांतिका जास्त भीषण होते का? पहिल्याच दृश्यात कॅमेरा ॲनीने बनवलेल्या चिमुकल्या घरात शिरतो आणि तिथली खोली पीटरची खरी खोली होते. ही माणसं पहिल्यापासून कुणाच्या तरी हातातली बाहुली आहेत. घरचे सुटले म्हणता, पण सुटलं कोण? एकमेकांना दोष देण्यात त्यांचे शेवटचे दिवस गेले, आणि तेही विनाकारण. मला तेच जास्त लागलं.

प्रतिसाद २

तुमच्या दोघांच्या वादात ॲनीचं झोपेत चालणं राहून गेलं. काही वर्षांपूर्वी तिला जाग आली तेव्हा दोन्ही मुलं आणि ती स्वतः पेंट थिनरने भिजलेली होती, हातात काडी. तेव्हापासून पीटरचा आईवर विश्वास नाही. ही भेग पंथाने पाडली म्हणा किंवा आजाराने, त्या पोराला झोप लागत नसणार हे खरं.

आमच्याकडे धाकटा भाऊ गेला तेव्हा तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. पाहुणे पांगल्यावर आई एकदाच बाबांना म्हणाली, "गाडी तुम्हीच घेऊन दिलीत." त्यानंतर कित्येक महिने दोघं एका ताटाला बसले नाहीत. टेबलाचं दृश्य मला पुरतं बघवलं नाही, उठून पाणी प्यायला गेले.

मूळ धागाकर्ता

ताई, तुमचं वाचून मघापासून गप्प बसलोय. खांबावरची खूण माझ्या तिन्ही वेळा नजरेतून सुटली, हे प्रतिसाद १ला मान्य करतो. तरीही सैतान नसता तर पीटरला आईसमोर बसून उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तिलाही त्याला. ते दृश्य मला बघायचं होतं.

प्रतिसाद १

ते दृश्य टेबलावर होऊन गेलंय. उत्तर दोघांकडेही नव्हतं.