डूलिटल रेड: जहाजावर परत उतरताच येणार नव्हतं, मग त्या ८० जणांनी जायचं तरी कुठे?

रानवारा:
नमस्कार मंडळी. चार दिवस झाले डूलिटल रेडबद्दल मिळेल ते वाचतोय आणि डोक्यातून जातच नाहीये. १८ एप्रिल १९४२, जपानने पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर हल्ला केला त्याला जेमतेम चार महिने झालेले, आणि अमेरिकेने १६ बी-२५ बॉम्बर हॉर्नेट या विमानवाहू जहाजावर चढवून थेट जपानवर पाठवले. एकेका विमानात पाच जण, एकूण ८०. बहुतेक ठिकाणी टोकियोवर बॉम्ब पडले, जपान हादरला, अमेरिकेला धीर आला एवढं सांगून विषय संपवतात. पण ही विमानं जहाजावरून उडू शकत होती, परत उतरू शकत नव्हती, आणि हे त्या पोरांना आधीच ठाऊक होतं ना? मग बॉम्ब टाकल्यावर पुढे काय? मरायलाच पाठवलं होतं का त्यांना? आणि वाचले ते कसे वाचले? कोणी नीट सांगा, मोठं लिहिलंत तरी चालेल, सगळं वाचेन.

ध्रुवतारा:
मरायला नव्हतं पाठवलं. प्लॅन पक्का होता. दुपार कलल्यावर उडायचं, रात्रीच्या अंधारात बॉम्ब टाकायचे आणि तसंच पुढे समुद्र ओलांडून पहाटे पूर्व चीनच्या चेजियांग प्रांतात चुचाऊच्या धावपट्टीवर उतरायचं, तिथे इंधन भरून चीनची तेव्हाची राजधानी चुंगकिंग गाठायची. त्यासाठी विमानाची इंधनाची क्षमता ६४६ गॅलनवरून ११४१ गॅलनवर नेली होती, जिथे जागा मिळेल तिथे टाक्या बसवल्या, वर पाच-पाच गॅलनचे दहा डबे, ते गनरने, म्हणजे मशीनगन चालवणाऱ्याने, उडत्या विमानात हाताने ओतायचे. वजन कमी करायला खालची मशीनगन काढून टाकली, आणि शेपटीत बंदूक नव्हतीच म्हणून झाडूचे दांडे काळे रंगवून बसवले, पाठलाग करणाऱ्याला लांबून बंदुका वाटाव्यात म्हणून.

प्लॅन मोडला तो सकाळी साडेसातनंतर. एका जपानी टेहळणी बोटीने ताफा पाहिला. ती बोट बुडवली पण तोवर वायरलेसवर खबर गेली असणार हे उघड होतं, त्यामुळे लगेच उडायचं ठरलं. म्हणजे ठरल्या वेळेच्या दहा तास आधी आणि सुमारे १७० सागरी मैल जास्त अंतरावरून. या १७० मैलांचं इंधन कोणाकडेच नव्हतं हो, आणि तरी १६ पैकी एकही विमान मागे राहिलं नाही.

टेकऑफचं तर काय सांगू. मोहिमेचा प्रमुख डूलिटल स्वतः पहिल्या विमानात, त्याच्यापुढे डेक फक्त ४६७ फूट. डेकवर पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, पुढचं चाक आणि डावं चाक त्या रेघांवरच ठेवायचं कारण उजवा पंख जहाजाच्या मनोऱ्यापासून जेमतेम सहा फुटांवरून जाणार. समुद्र खवळलेला, जहाजाचं नाक वर-खाली होतंय, आणि झेंडा दाखवणारा ऑफिसर असा इशारा देतोय की विमान टोकाला पोचेल तेव्हा नाक वर आलेलं असावं. साधारण एका तासात सगळी उडाली. शेवटच्या विमानाच्या वेळी मात्र एक खलाशी घसरला आणि पंख्यात त्याचा हात गेला.

मेघनाद_७:
ध्रुवतारांनी छान लिहिलंय, पुढचं मी सांगतो कारण मला खरी गोष्ट तिथून सुरू होते असं वाटतं.

बॉम्ब टाकले दिवसाढवळ्या, सगळी विमानं जपानबाहेर पडली सुद्धा. चीनच्या दिशेने मागून वारा मिळाला म्हणून निदान किनारा तरी गाठता आला, नाहीतर सगळी समुद्रातच गेली असती. पण पोचेपर्यंत रात्र, पाऊस, ढग, आणि धावपट्टीवरून जो रेडिओ सिग्नल मिळणार होता तो यंत्र आणणारं विमान वाटेतच पडल्यामुळे मिळालाच नाही. खाली डोंगर आहे की पाणी कळत नाही, इंधनाचा काटा शून्याला टेकलेला. बहुतेकांनी अंधारात उड्या मारल्या. डूलिटलचा को-पायलट डिक कोल, वय २६, त्याचं पॅराशूट झाडात अडकलं आणि तो रात्रभर तिथेच लटकून राहिला, उजाडल्यावर उतरून चालायला लागला. डूलिटल पडला खत घातलेल्या भातशेतात. चिखलाने माखलेला, एका घराचं दार वाजवलं आणि पाठ करून घेतलेलं चिनी वाक्य म्हणाला, मी अमेरिकन आहे असं. आतला दिवा विझला आणि कडी लागल्याचा आवाज आला. त्या घरातल्यांना तरी काय दोष द्यायचा, जपानी सैन्य जवळपास असताना अपरात्री कोण दार उघडेल.

पण ज्यांच्यासाठी दारं उघडली त्यांचं ऐका. टेड लॉसन या पायलटचं विमान किनाऱ्यावर उतरायच्या प्रयत्नात पाण्यात आपटलं. पाचांपैकी चौघे गंभीर जखमी, लॉसनचा डावा पाय उघडा फाटलेला. हालचाल करू शकणारा एकटाच, डेव्हिड थॅचर, वीस वर्षांचा गनर. त्याने चौघांना सांभाळलं, आणि मग बेटावरचे कोळी आणि गनिमी लढणारे चिनी त्यांना बोटीतून आणि खांद्यावरच्या डोल्यांमधून, जपानी गस्त चुकवत, लिनहाईच्या छोट्या हॉस्पिटलपर्यंत घेऊन गेले. तोवर पाय सडायला लागलेला. तिथे पोचला थॉमस व्हाइट. हा डॉक्टर होता, बॉम्बरमध्ये डॉक्टरला जागा नसते म्हणून गनरचं ट्रेनिंग घेऊन १५ नंबरच्या विमानात बसला होता. त्याने लॉसनला स्वतःचं रक्त दिलं आणि पाय कापला. भूल फक्त पाठीच्या कण्यात दिलेली, लॉसन जागा होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

रानवारा:
बापरे. मनापासून आभार दोघांचे. पकडले कोणी गेले का? आणि एक विमान रशियात उतरलं असं कुठेतरी वाचलं.

सावळी:
हो, आठ नंबरचं. इंधन फारच भराभर संपत होतं म्हणून पायलट यॉर्कने व्लादिवोस्तोकजवळ उतरवलं. रशिया तेव्हा जपानशी युद्धात नव्हता त्यामुळे पाचही जणांना नजरकैदेत ठेवलं, वर्षभराहून जास्त, १९४३ च्या मे महिन्यात ते इराणमार्गे निसटले.

तिघे त्याच रात्री गेले, दोघे समुद्रात आणि एक पॅराशूटने उडी मारताना. आठ जण जपान्यांच्या हाती लागले. त्यातल्या तिघांना १५ ऑक्टोबर १९४२ ला गोळ्या घातल्या, एक जण पुढच्या वर्षी कैदेत उपासमारीने मेला, उरलेले चौघे थेट ऑगस्ट १९४५ मध्ये सुटले, तेही बराच काळ एकांतवासात काढून. त्यातलाच जेकब डिशेझर नंतर मिशनरी होऊन त्याच जपानमध्ये परत गेला आणि कित्येक वर्षं राहिला.

पण मेघनाद, तुम्ही ज्या कोळ्यांचं लिहिलंत ना, त्यांच्यावर पुढे काय आलं तेही इथे असायला हवं. मे १९४२ पासून जपानी सैन्य चेजियांग आणि शेजारच्या जियांगशीत घुसलं, धावपट्ट्या उखडल्या आणि गावंच्या गावं जाळली. मेलेल्यांचा अंदाज अडीच लाखांपर्यंत दिला जातो. वैमानिकांनी जाताना आठवण म्हणून लोकांना आपल्या वस्तू दिल्या होत्या, पॅराशूटचे तुकडे, हातमोजे, नाणी. ज्या घरात त्या सापडल्या ते घर संपलं. ज्याने एका रात्रीपुरतं कोणाला अंथरूण दिलं असेल, त्याचं सगळं कुटुंब. ८० पैकी बहुतांश जण घरी परतले ते या लोकांमुळे, आणि रेडची गोष्ट सांगताना त्यांच्यासाठी एक वाक्य सुद्धा नसतं याचा मला खरंच त्रास होतो.

रानवारा:
सावळी ताई, हे माहीतच नव्हतं, वाचून सुन्न झालो. वाचलेल्यांनी पुढे त्या लोकांशी काही संबंध ठेवला का?

मेघनाद_७:
थोडाफार, हो. ल्यू तुंग-शेंग नावाचे एक तरुण इंजिनियर होते, इंग्रजी येत असल्यामुळे काही रेडर्ससाठी, म्हणजे या मोहिमेतल्या वैमानिकांसाठी, त्यांनी दुभाष्याचं काम केलं. ते नंतर अमेरिकेत स्थायिक झाले आणि रेडर्सनी त्यांना आपल्यातलाच एक मानलं. दरवर्षीच्या गाठीभेटींना बोलवायचे. तिथे ८० चांदीचे पेले असायचे, प्रत्येकावर एकेकाचं नाव, जो गेला त्याचा पेला उलटा ठेवायचे. शेवटचा सुलटा राहिलेला पेला डिक कोलचा, तोच झाडावर रात्र काढणारा. २०१९ च्या एप्रिलमध्ये १०३ व्या वर्षी तो गेला.