स्फिग्मोमनॉमिटर तोडायचा कुठे?

नर्सिंग_दुसरं_वर्ष
मी इंदूरची. शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी. रक्तदाब मोजायच्या यंत्राला वॉर्डात सगळे ‘बीपी अ‍ॅपरेटस’च म्हणतात, कुणाचं काही अडत नाही. पण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, स्फिग्मोमनॉमिटर हे पूर्ण नाव लागतं आणि मी ‘स्फिग्मोमो…’वर अडखळते. किती सिलेबल आहेत? जोर कुठे द्यायचा?

रामबागवाला
अगं, घोटाळा दोन ‘म’ शेजारी आल्यामुळे होतो. ‘मो’ पहिल्या शब्दाचा, ‘म’ दुसऱ्याचा. तिथेच तोड: स्फिग्मो, मनॉमिटर. ग्रीकमध्ये ‘स्फिग्मॉस’ म्हणजे नाडीचा ठोका. मनॉमिटर हे दाब मोजायचं यंत्र, त्यातला ‘मनॉस’ म्हणजे विरळ. जोडून अर्थ लावायला जाशील तर ‘नाडीचा विरळपणा मोजणारं’ असलं काहीतरी निघेल, तेव्हा तो नाद सोड.

सिलेबल सहा: स्फिग्-मो-म-नॉ-मि-टर. मुख्य जोर ‘नॉ’वर, थोडा ‘स्फिग्’वर, मधला ‘म’ अगदी पुसट. थर्मॉमिटरमध्ये ‘मॉ’वर जोर येतो ना, तीच चाल. आपण मात्र किलोमीटरच्या चालीवर ‘मॅनो-मीटर’ म्हणतो आणि सगळ्या अक्षरांना सारखंच वजन देतो. मुलांना इंग्रजी शिकवताना जन्मभर हेच सांगत आलो, कुणी ऐकलं नाही!

ग्वाल्हेरी
सुरुवातीचा ‘फ’ स्फटिकातला नको, तिथे ओठ मिटतात. वरचे दात खालच्या ओठाला टेकवून फॅनमधला ‘फ’ काढा. ‘ग्म’चं आपल्याला ओझं नाही, ‘युग्म’ म्हणतोच की.

ओपीडीतून
याच घराण्यातला अस्फिक्सिया. फोड केली तर ‘नाडी नसणं’, वापरतात मात्र गुदमरण्यासाठी. व्हायव्हाला इतिहासही विचारतात: दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोच्चीची, १८९६ची. त्याला फक्त वरचा आकडा मिळायचा, तोही मनगटाची नाडी चाचपून. स्टेथोस्कोप लावून खालचा आकडाही ऐकायचा, हे १९०५मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफने दाखवलं.

नर्सिंग_दुसरं_वर्ष
‘स्फिग्मो’ म्हणून थांबले की पुढचं आपोआप येतंय! आईला वाटलं मंत्र पाठ करतेय. काका, त्या कोरोत्कॉफमध्ये जोर कुठे?

रामबागवाला
शेवटी, ‘कॉफ’वर. आणि बाईंसमोर घाईघाईने म्हणू नकोस.