पान बदललं की सॉकेट मेलं, त्यात रडायचं काय?

जीरावन: काल एका भियांनी छातीठोक लिहिलं, "वेबसॉकेट शेअर्ड वर्करमध्ये टाका, पानं कितीही बदला, कनेक्शन तुटत नाही." पोहे घशात अडकले. वेबसॉकेट म्हणजे पान आणि सर्व्हरमधली सतत उघडी जोडणी; शेअर्ड वर्कर म्हणजे एका साइटच्या सगळ्या टॅबांनी मिळून वापरायची, मागे चालणारी स्क्रिप्ट. अहो, एकच टॅब असेल तर जुनं पान गेलं आणि नवं अजून जोडलं नाही त्या फटीत वर्कर जगवायचा की नाही ही ब्राउझरची मर्जी, आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तर तो वर्षानुवर्षं नव्हताच. मरू द्या सॉकेट. सेशनस्टोरेजमध्ये, म्हणजे टॅबच्या स्वतःच्या साठवणीत, आयडी आणि शेवटच्या मेसेजचा नंबर ठेवा, नवं पान आलं की सर्व्हरला सांगा "४१ पर्यंत मिळालं, पुढचं दे". संपलं.

विजयनगरवाला: तो भिया मीच. आमच्या ऑफिसात सगळ्यांचे आठ-आठ टॅब उघडे असतात, मस्त चालतं.

जीरावन: म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायचं, एक टॅब जादा उघडून बसा?

सराफा_रात्री_१२: सॉकेट.आयओ लायब्ररीच्या ४.६ मध्ये तुटलेलं कनेक्शन सावरायची रिकव्हरी आलीये की, २०२३ पासून.

जीरावन: ती नेट गेल्यावरची. पान रिलोड झालं की क्लायंटची मेमरीच कोरी.

सराफा_रात्री_१२: मग पान बदलायचंच कशाला? सिंगल पेज करा, पान एकच, आतला मजकूर तेवढा बदलतो.

जुनी_खोड: आलं! बॉशच्या, म्हणजे एचटीटीपीवरून चॅट चालवायच्या जुन्या पद्धतीच्या, काळात आम्ही एसआयडी-आरआयडी (सेशन आणि रिक्वेस्टचे नंबर) कुकीत ठेवून पुढच्या पानावर अटॅच करायचो, कुणाचं अडलं नाही. मागच्या महिन्यात आईला एका दवाखान्यात नेलं, टोकनचा स्क्रीन तुमचा तो सिंगल पेजच, मधे वायफाय गेलं, परत आलं, स्क्रीनवर २७ च आणि आत ३५ चालू, आई दोन तास बसून.

सराफा_रात्री_१२: ती लिहिणाऱ्याची चूक. तुम्हाला जावास्क्रिप्टचाच राग आहे काका.

जुनी_खोड: आहेच! बारा ओळींची यादी दाखवायला तीन एमबी उतरवतात. आणि काका कोणाला म्हणतोस?

पोहेजिलबी: भांडा तुम्ही. टॅब डुप्लिकेट केला की सेशनस्टोरेजचीही कॉपी होते, हे कोणी बोललंच नाही. आमच्याकडे एकाच आयडीचे दोन टॅब रात्रभर एकमेकांना हाकलत बसले, लॉग तुंबला, सकाळी साहेबांना वाटलं कोणी हल्ला केला.

जीरावन: हे राहिलं माझं. जुना जिवंत असेल तर दुसऱ्याला नवा आयडी द्यायचा.

पोहेजिलबी: साध्या रिलोडलाही सर्व्हरला जुना थोडा वेळ जिवंतच दिसू शकतो, मग? आयडीवर वेब लॉक, म्हणजे एका वेळी एकाच टॅबला मिळणारा ब्राउझरचा हक्क, घ्या, टॅब गेला की आपोआप सुटतो.

विजयनगरवाला: म्हणजे टॅबांना एकमेकांची खबर लागतेच ना? मी काय वेगळं म्हणत होतो?

जीरावन: बरं बाबा, अर्धे पोहे तुमचे. जिलबी नाही मिळणार.

सराफा_रात्री_१२: खोड साहेब, आईंचा नंबर लागला का शेवटी?

जुनी_खोड: लागला. तोवर डॉक्टर जेवायला गेले.